सबस्टेशनवर दगड नको



हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ येते आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. येते ती रात्री दोनला, तेव्हा माणूस साप-विंचवांत ओलिताला जातो. संताप येणारच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात राज्यात ठिकठिकाणी वीज कार्यालयांवर दगडफेक झाली. दिग्रसच्या चहाच्या टपरीवरही "एकदा सबस्टेशन फोडल्याशिवाय यांना कळणार नाही" म्हणणारे भेटतात. आजचे बोलणे त्यांच्याशी आहे.

सबस्टेशनात असते काय? ३३ हजार व्होल्टची वीज मोठे रोहित्र ११ हजारांवर आणते आणि ती फीडरने गावोगावच्या डीपींवर जाते. त्या रोहित्राच्या पोटात हजारो लिटर तेल असते. ते पेटले आणि कोणी बादलीने पाणी मारले, तर आग उलट पसरते. टाकीच्या माथ्यावर चिनीमातीचे नळे उभे असतात. वायरमन त्यांना बुशिंग म्हणतो. एका दगडाने बुशिंगला चीर जाते. त्या दिवशी कदाचित काहीच होत नाही. मृगाच्या पावसात ओल आत शिरते आणि भडका उडतो.

दगडच लागतो असेही नाही, दुर्लक्षही पुरते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला वीज देणारे नॉर्थ हाइड उपकेंद्र २० मार्च २०२५ च्या रात्री पेटले. दुसऱ्या दिवशी विमानतळ जवळपास दिवसभर बंद. चौकशीत निघाले की बुशिंगमध्ये ओल शिरली असावी, आणि तिची खूण २०१८ सालच्या तपासणीतच दिसली होती. सात वर्षे कोणी हलले नाही. साहेबाचे खातेही आपल्यासारखेच म्हणायचे!

डीपी जळाला तर ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून द्यावा, असा वीज नियामक आयोगाचा दंडक आहे. प्रत्यक्षात आपण किती थांबतो हे सांगायला नको. मोठ्या रोहित्राला तर क्रेन लागते, ट्रेलर लागतो. तोवर कितीतरी गावांचे ओलीत, नळयोजना, पिठाच्या गिरण्या बंद. मुंबईत मंत्रालयातला पंखा मात्र फिरतच राहतो. शिवाय १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता कायद्याखाली वीज यंत्रणा फोडल्यास सहा महिने ते पाच वर्षे सक्तमजुरी आहे, आग लावल्यास एक ते दहा वर्षे. तारखांना खेटे आपलीच पोरे घालणार. आणि आत ड्यूटीवर बसलेला ऑपरेटर? तोही बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच मुलगा.

आपण दिवसा वीज मागतो. २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेची वीजसुद्धा याच उपकेंद्रांतून आपल्या फीडरवर येते.

म्हणून महावितरणला जाब विचारायचा तो असा. यार्डात गिट्टी शोभेसाठी अंथरत नाहीत. सांडलेले तेल खाली मुरावे आणि गवत उगवू नये म्हणून ती असते. मग त्या गिट्टीतून चैत्रात गुडघाभर वाळके गवत का दिसते? वाळूच्या बादल्या रिकाम्या का? कुंपणाला भगदाड का? तेल आणि तांबे चोरणारे तिथूनच शिरतात, आणि तेल उतरलेले रोहित्र तापून जळते.

आपल्या बाजूनेही काळजी हवी. उपकेंद्राच्या कुंपणाशी पऱ्हाट्या जाळू नका. कडब्याची गंजी तारांखाली रचू नका. वाऱ्याने ढिल्या तारा घासल्या की ठिणगी पडते आणि बैलांचा वर्षाचा चारा जातो.

तालुका बैठकीला प्रत्येक गावाने वही आणावी: सबस्टेशन कोणते, फीडर कोणता, गेल्या महिन्यात लाइन किती तास बंद, यार्डात काय दिसले. या वह्या घेऊन मोर्चा दिग्रसच्या महावितरण कार्यालयावर जाईल. यार्डाच्या कुंपणाआत एकही माणूस जाणार नाही.