निकाल आधी, चौकशी नंतर

कामगार न्यायालयात बडतर्फीचा आदेश टिकला नाही की कारखान्यात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: कायदाच कामगारांच्या बाजूचा आहे. फाईल उघडून पाहिली तर बहुतेकदा दुखणे आपल्याच आरोपपत्रात सापडते. ‘आपण उद्धट वर्तन करून शिस्तभंग केला आहे.’ कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणासमोर, काय बोलून? उत्तर नाही. शिवीगाळीचा आरोप असेल तर शिवी जशीच्या तशी लिहायला एचआरमधील मंडळी संकोचतात. लिहायलाच हवी. नेमके शब्द ठाऊक नसतील तर कामगाराने खुलासा कशाचा द्यायचा? शिवाय ‘केला आहे’ असे लिहिले की निकाल लागूनच गेला. चौकशी उरते ती उपचारापुरती.

चौकशीचे किमान पथ्य सर्वोच्च न्यायालयाने सूर इनॅमल प्रकरणात 1963 सालीच घालून दिले. आरोप स्पष्ट हवा, साक्षी शक्यतो कामगारासमोर व्हाव्यात, त्याला उलटतपासणी घेता यावी, स्वतःचे साक्षीदार आणता यावेत आणि अहवालात निष्कर्षामागची कारणे असावीत. एवढे साधे असूनही ‘उलटतपासणी घ्यायची नाही’ हे वाक्य साक्ष होण्याआधीच टाइप करून ठेवणारे चौकशी अधिकारी आहेत. सही घेतली की त्यांचे काम झाले! निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मे आणि पुढे, विलंब त्याच्यामुळे नसेल तर, पाऊण वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे लागते. हा भत्ता अडवून चौकशीला हजर राहा म्हणणे म्हणजे उपाशी ठेवून कबुली मागणेच.

शिक्षेचे प्रमाण हा आणखी नाजूक भाग. 1 जानेवारी 1961 रोजी रविवार होता. नववर्षदिनाची सुट्टी रविवारी गेली म्हणून हिंद कन्स्ट्रक्शनचे काही कामगार त्याऐवजी सोमवारी सुट्टी धरून गैरहजर राहिले आणि त्यांतल्या अकरा जणांना कंपनीने बडतर्फ केले. एका दिवसाच्या गैरहजेरीला इतकी कठोर शिक्षा सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाली नाही. बिनपगारी रजा किंवा ताकीद पुरली असती. पुढे औद्योगिक विवाद कायद्यात 1971 च्या दुरुस्तीने कलम 11-अ आले आणि शिक्षा तपासण्याचा अधिकार औद्योगिक न्यायाधिकरणांनाही मिळाला. याचा अर्थ न्यायालये नेहमी हळवी असतात असा नाही. वरिष्ठाला अश्लाघ्य शिवीगाळ केल्याबद्दलची बडतर्फी महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेच कायम केली.

आमच्या मते खरी गोम वेगळीच आहे. एकाच चुकीला मर्जीतल्या माणसाला तोंडी समज मिळते आणि युनियनच्या पदाधिकाऱ्याला आरोपपत्र. शॉप फ्लोअरवर हे सगळ्यांना दिसते, आणि तिथे धोरणाची पुस्तिका कोणी वाचत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांपासून सुरू होते, म्हणून लहान कारखान्यांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. नैसर्गिक न्यायाला कामगारसंख्येची अट नाही.

पुढचे आरोपपत्र सहीसाठी टेबलावर येईल तेव्हा मागच्या पाच वर्षांत याच चुकीला कोणाला काय शिक्षा झाली, याची यादी सोबत मागवा. यादीच नसेल तर सही थांबवा आणि आधी ती तयार करून घ्या.