विश्लेषण : मेस्सीचे कार्ड १३ कोटींना गेले, मग घरातल्या कार्डांचे काय?

लिओनेल मेस्सीच्या बार्सिलोनातील सुरुवातीच्या काळातले, पानिनी कंपनीच्या २००४-०५च्या ‘मेगाक्रॅक्स’ संचातील एक कार्ड २०२५मध्ये १५ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे १३ कोटी रुपयांना विकले गेले. त्याआधी २०२२मध्ये पेलेच्या १९५८च्या स्वीडिश कार्डाला १३ लाख ३० हजार डॉलर मिळाले होते. अशी बातमी आली की घराघरांत जुन्या कार्डांची शोधाशोध सुरू होते. बहुतेकांच्या पदरी निराशाच येते.

किंमत खेळाडूची की कागदाची?

दोन्हींची, पण कागदाची जरा जास्तच. पीएसएसारख्या कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र नेमके मध्यभागी छापले आहे का, हे तपासून १ ते १० असा दर्जा देतात. मेस्सीचे विक्रमी कार्ड १० दर्जाचे होते, पेलेचे ९. दहा आणि आठमधला फरक नवख्याच्या डोळ्यांना जाणवतही नाही. किमतीतले एखादे शून्य मात्र सहज गळते. २०२१मध्ये तपासणीसाठी इतकी कार्डे साचली, की पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या.

टंचाई खरी की छापलेली?

१९५८मध्ये १७ वर्षांच्या पेलेचे कार्ड कुणी गुंतवणूक म्हणून जपले नव्हते. पोरांनी ती हाताळली, चुरगाळली, हरवली; म्हणून उरली ती मोलाची झाली. आज कंपन्या टंचाई छापूनच विकतात. ‘दहापैकी तिसरे’, ‘जगात एकच’ असे क्रमांक कार्डावर असतात. उरलेली साधी कार्डे भरमसाट निघतात आणि घेणारा ती पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये जपतो. सगळेच जपणार असतील, तर वीस वर्षांनी दुर्मीळ काय राहील? बंद पाकीट घेणे हा आता छंद कमी आणि सोडत जास्त झाली आहे. या सोडतीत लहान मुलांचा खाऊचा पैसा जातो, याची खंत मात्र बाजारात फारशी दिसत नाही.

खरी किंमत कशी कळते?

संकेतस्थळावर विक्रेत्याने लावलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे. तो कितीही मोठा लावता येतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात; त्याच कार्डाला, त्याच दर्जाला प्रत्यक्षात किती मिळाले ते तिथे दिसते. त्यातून तपासणीचे शुल्क, विक्रीचे कमिशन आणि टपालखर्च वजा करावा. साध्या कार्डाच्या बाबतीत हे गणित बहुधा उणेच येते.