पूलचे पाणी हिरवे झाले? क्लोरीनआधी पीएच बघा

कर्जत, बदलापूर, टिटवाळा पट्ट्यातल्या फार्महाऊस आणि बंगल्यांत खासगी पूल आता नवलाईचे राहिलेले नाहीत. पाणी हिरवे पडले की तिथे सहसा दोनच उपाय होतात. ब्लिचिंग पावडर आणखी ओतायची, नाहीतर पूल रिकामा करून पुन्हा भरायचा. पहिला उपाय अनेकदा निष्फळ ठरतो आणि दुसरा निव्वळ उधळपट्टी आहे.

क्लोरीन किती टाकला यापेक्षा त्यातला किती काम करतो, हे महत्त्वाचे. ते ठरते पीएचवर. पीएच ७.५ असताना पाण्यातल्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. पीएच ८ झाला की हा वाटा पाव भागाच्या आसपास येतो. गंमत अशी की ब्लिचिंग पावडर स्वतःच पीएच वाढवते. म्हणजे जितकी पावडर ओतावी तितका क्लोरीन दुबळा आणि शेवाळ मात्र तसेच. क्लोरीनचा उग्र वास हाही स्वच्छतेचा पुरावा नाही. घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार झाल्याची ती खूण असते. डोळे चुरचुरतात तेही बहुतेकदा त्यामुळेच.

पीएच ७.२ ते ७.८, मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि क्षारता ८० ते १२० मिलिग्रॅम, एवढे सांभाळले तर पूल महिनोन्‌महिने रिकामा करावा लागत नाही. क्षारता पीएचला स्थिर ठेवते. पावसाळ्यात पूल पावसाच्या पाण्याने भरून वाहतो, क्षारता घसरते आणि पीएच रोज वेगळा दिसू लागतो. तेव्हा साधा खाण्याचा सोडा कामी येतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १.२ मीटर खोल पुलात साधारण ६५० ग्रॅम सोडा क्षारता १० मिलिग्रॅमने वाढवतो. बोअरवेलचे जड पाणी भरणाऱ्यांची अडचण उलटी. पीएच चढला की टाइल्सवर पांढरा थर बसतो. तिथे अ‍ॅसिड लागते, पण ते पाण्यात थोडे थोडे सोडायचे आणि ब्लिचिंग पावडरजवळ ठेवायचेही नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

याच आकाराच्या पुलात ३८,४०० लिटर पाणी मावते. माणशी १३५ लिटरच्या सरकारी निकषाने हे सुमारे २८४ जणांचे दिवसभराचे पाणी. कल्याण-डोंबिवलीत पाणीकपातीच्या दिवशी बादल्या भरून ठेवणाऱ्यांना हा आकडा वेगळा समजावायला नको. शिवाय कर्जत, बदलापूर उल्हास नदीच्या वरच्या अंगाला आहेत, आणि शहरासाठी याच नदीचे पाणी खाली मोहने येथे उचलले जाते. पूलचे क्लोरीनयुक्त, कधी अ‍ॅसिड मिसळलेले पाणी नाल्यात सोडणे हा म्हणूनच मालकाचा खासगी मामला ठरत नाही. पालिका आणि ग्रामपंचायतींनी त्याकडे काणाडोळा करू नये.

पूल रिकामा करणे खरोखर अटळ असेल, तर क्लोरीन टाकणे थांबवून काही दिवस पाणी उन्हात राहू द्यावे. चाचणीत क्लोरीन शून्य आणि पीएच ७च्या आसपास दिसला की ते झाडांना देता येते. पीएचसाठी फिनॉल रेडचे काही थेंब पुरतात. पिवळा रंग म्हणजे पीएच कमी, गडद गुलाबी म्हणजे जास्त.