सहलीच्या गाडीत दुसरी बॅटरी हवीच



वर्षावास संपला की आपल्या वस्त्यांमधून धम्मसहलींची तयारी सुरू होते. कुणी दीक्षाभूमीवरून परतताच बुद्धगयेचा बेत आखतो, कुणी सहा डिसेंबरला चैत्यभूमी गाठतो, तर कुणाला महाडचे चवदार तळे मुलांना दाखवायचे असते. विहाराची समिती वर्गणी जमवते, गाडी ठरवते. शिदोरी, सतरंज्या, औषधे यांची यादी महिला मंडळ अगदी चोख करते. परंतु एका गोष्टीची यादी आम्ही आजवर कुठेच पाहिली नाही. ती म्हणजे रात्री लागणाऱ्या विजेची.

आमच्याही यादीत ती नव्हती. त्याची किंमत आम्हाला कशी मोजावी लागली, ते आधी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात कन्हानहून आम्ही सतरा जण एका भाड्याच्या मिनीबसने बुद्धगयेला निघालो. मनसर, देवलापार, खवासा ओलांडून सिवनी-जबलपूर आणि पुढे रीवा, असा सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता. रीव्याच्या अलीकडे रात्री असे धुके पडले की चालकाला समोरचे दिसेना. त्याने शहाणपणाने गाडी एका बंद धाब्याच्या आवारात उभी केली. तिथे वीज नव्हती. इंजिन बंद, पण गाडीतले दिवे सुरू, भीमगीतांचा स्पीकर सुरू, आणि छोट्या इन्व्हर्टरवर सगळ्यांचे मोबाईल चार्जिंगला लावलेले.

पहाटे तीनच्या सुमारास आमच्यातील एका काकाजींची छाती भरून आली. काकाजींची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेलेली. त्यांचे नेब्युलायझर, म्हणजे वाफ देण्याचे मशीन, सोबत होते. ते इन्व्हर्टरला लावले, तर इन्व्हर्टरने दोनदा शिट्टी दिली आणि तो बंद पडला. चालकाने चावी फिरविली. टक्-टक् एवढाच आवाज आला. गाडीची बॅटरी पार उतरली होती. म्हणजे वाफही नाही आणि दवाखान्यात न्यायला गाडीही नाही! सुदैवाने भाजी नेणारा एक पिकअपवाला थांबला, त्याने आपल्या बॅटरीची वायर जोडून दिली, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. काकाजी दवाखान्यात पोहोचले, बरे झाले. पण ती पाऊण तासाची वाट आम्ही विसरू शकत नाही.

परत आल्यावर कन्हानच्या एका बॅटरीवाल्या भावाला आम्ही विचारले, नवीच बॅटरी होती, मग असे कसे झाले? तो हसला. म्हणाला, "गाडी चालू करणारी बॅटरी म्हंजे शंभर मीटर धावणारा पोरगा हाये. त्याले तुमी रातभर पाण्याचे गुंड वाहाले लावले, मंग तो सकाळी कसा धावन?"

यात सारे शास्त्र आले. गाडीच्या बॅटरीतील शिशाच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात. इंजिन सुरू करण्यासाठी काही सेकंद प्रचंड करंट देणे, हेच तिचे काम. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीतील पट्ट्या जाड असतात. ती थोडा थोडा करंट तासन्‌तास देते. पहिलीला वारंवार पूर्ण उतरविले तर ती लवकर निकामी होते. म्हणून पहिला नियम असा: इंजिनची बॅटरी इंजिनसाठीच ठेवावी. दिवे, पंखे, मोबाईल, मशीन यांच्यासाठी दुसरी वेगळी बॅटरी घ्यावी.

मग ती केवढी घ्यावी? इथे दुकानदाराला विचारण्याआधी आपण कागद-पेन्सिल घेऊन बसावे. किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या भगिनींना हा हिशेब मुळीच अवघड नाही. वस्तूचे वॅट गुणिले ती चालण्याचे तास, एवढेच करायचे. 5 वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे 100. 15 वॅटचे दोन छोटे पंखे आठ तास, म्हणजे 240. बारा मोबाईल, प्रत्येकी सुमारे 15, म्हणजे 180. 100 वॅटचे वाफेचे मशीन पाव-पाव तास दोनदा, म्हणजे 50. बेरीज 570 वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून 650 धरावे.

आता बॅटरीकडे पाहू. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 12 गुणिले 100, अर्थात 1200 वॅट-तास. पण शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, तरच ती टिकते. म्हणजे हाती राहिले 600. आपल्याला कमी पडले! 150 ची बॅटरी घेतली तर 900 मिळतात, काम भागते. थंडीत पंखे लागणारच नसतील तर गरज चारशेच्या आसपास येते आणि 100 चीही पुरते. पाहा, हिशेब केला की पैसाही वाचतो.

आणि नवी विकत घ्यायलाच हवी असे कुठे आहे? पुष्कळ विहारांत इन्व्हर्टर असतो. समितीची परवानगी घेऊन तोच बॅटरीसह सहलीला न्यावा. निघण्याच्या आदल्या दिवशी दहा-बारा तास चार्ज करावा. मुक्कामाच्या धर्मशाळेत किंवा विहारात प्लग लावला की इन्व्हर्टर स्वतःच बॅटरी भरतो. भाड्याच्या गाडीच्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही. मात्र 150 ची भरलेली बॅटरी 50 किलोहून जड असते. दोघांनी उचलावी.

ज्यांची स्वतःची गाडी आहे, त्यांनी कारागिराकडून आयसोलेटर बसवून घ्यावा. इंजिन सुरू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झाले की वेगळ्या करतो. टपावर 100 वॅटचे सोलर पॅनल लावले तर चांगल्या उन्हात दिवसाला साडेतीनशे वॅट-तासांच्या आसपास मिळतात. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. हल्ली लिथियम फॉस्फेटच्या बॅटऱ्याही मिळतात. 100 ची बॅटरी जेमतेम 12-13 किलोची, आणि तिच्यातील ऐंशी टक्के वीज वापरता येते. पण त्या महाग आहेत, आणि गाडीवर चार्ज करण्यासाठी त्यांना वेगळा चार्जर लागतो.

ट्रक चालविणाऱ्या आमच्या बांधवांसाठी एक खास सूचना. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. कॅबिनमधला पंखा किंवा चार्जर चालविण्यासाठी त्यातील एकाच बॅटरीवरून वायर काढू नये. एक उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि शेवटी दोन्ही जातात. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावावा.

आता धोक्याच्या गोष्टी. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून ती प्रवाशांच्या आसनाखाली कधीही ठेवू नये. बाहेर हवा जाणाऱ्या डिकीत, उभी, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी. डिकी आतून गाडीला जोडलेली असेल तर सीलबंद बॅटरीच घ्यावी. जवळ विडी-काडी नको. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच फ्यूज असावा. 12 व्होल्टवर करंट जास्त वाहतो. 500 वॅटच्या भाराला 40 अँपिअरहून अधिक लागतात. घरातली बारीक वायर त्याने तापून पेटू शकते, म्हणून वायर जाडच हवी. तेजाब अंगावर सांडले तर भरपूर पाण्याने धुवावे. आणि थंडी वाजते म्हणून इंजिन किंवा शेगडी सुरू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साईड या वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

बॅटरी निकामी झाली तर घरी फोडून शिसे काढण्याचा मोह टाळावा. शिशाचे विष लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आमच्या कन्हान-कामठी पट्ट्यातील खाण कामगारांना यातले काहीच नवे वाटू नये. भूमिगत खाणीत उतरताना प्रत्येक जण लॅम्प रूममधून आपला चार्ज केलेला दिवा घेत असे. बॅटरी कमरेला, दिवा टोपीवर. न भरलेला दिवा घेऊन कुणीही खाली जात नसे. कारण खाली अंधार आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मग सहलीला निघताना आपण ही शिस्त का विसरतो?

परमपूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडेच होता. 25 ऑक्टोबर 1943 रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट गरिबांच्या सुटकेशी जोडला. वीज ही श्रीमंतांची चैन नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. त्या धुक्याच्या रात्री आम्हालाही ते कळले.

म्हणून यंदा समितीच्या पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, कुणाला विजेवर चालणारे औषधाचे मशीन लागते, त्याचे नाव लिहून घ्यावे आणि वीज नसताना चालेल असा पंप डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावा. दोन, वॅट-तासांचा हिशेब करावा. तीन, बॅटरीची जबाबदारी एका माणसाकडे द्यावी. बॅटरी दोन-तीन तास विनावापर असताना मीटरवर 12.7 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 दिसले तर निम्मी. निम्मी झाली की आधी स्पीकर बंद, मग मोबाईल. मशीनपुरती वीज शेवटपर्यंत राखून ठेवावी.

काकाजी यंदाही येणार आहेत. "मले घेऊन चाला, पन माह्या वाट्याची बॅटरी आधी भरा," असे त्यांनी बजावले आहे. आम्ही भरणार आहोत. आपणही भरावी.

नमो बुद्धाय! जयभीम!