जागा फुकट, वाचक नव्हे

आपल्या मंडळाचे संकेतस्थळ असावे, या सूचनेला विरोध करणारा सभासद आता शोधूनही सापडत नाही. विरोध नाही म्हणून सूचना मंजूर होते, मंजूर होते म्हणून कोणा सभासदाच्या नातवाकडे सोपविली जाते, आणि त्या मुलाने एखाद्या रविवारी फुकटच्या जागेवर चार पाने उभी करून दिली की वार्षिक अहवालात ‘संकेतस्थळ कार्यान्वित झाले’ असे वाक्य पडते. त्या चार पानांवर काय असते? पहिल्यावर कार्यकारिणीची छायाचित्रे, दुसऱ्यावर अध्यक्षांचे मनोगत, तिसऱ्यावर शाल-श्रीफळाचा सोहळा, आणि चौथ्यावर ‘लवकरच येत आहे’ ही पाटी. सहा महिन्यांनी तक्रार सुरू होते की कोणी फिरकत नाही. आमचे स्पष्ट मत असे की कोणी फिरकत नाही हे योग्यच आहे. यावे असे तेथे काही ठेवलेलेच नाही.

बडोद्यातच नव्हे, तर इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील ज्या ज्या मराठी संस्थांची पाने आम्ही चाळली, त्यांपैकी पुष्कळांची ही अवस्था आहे. दोष संगणकाचा नाही, नातवाचा तर मुळीच नाही. दोष आपल्या समजुतीचा आहे. जागा फुकट मिळाली म्हणजे वाचकही फुकट मिळेल, ही ती समजूत. राज्य शासनाच्या सेवेत वर्षे काढलेल्या आम्हांस ती परिचित आहे. सूचना फलकावर लावली की जनतेला कळली, असे समजणारी कार्यालये आम्ही पुष्कळ पाहिली. फलक ओसरीत असे, जनता रस्त्यावर असे, आणि नस्तीत मात्र ‘प्रसिद्धी दिली’ असा शेरा असे.

प्रथम ‘फुकट’ या शब्दाचा हिशेब मांडू. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने कोणाही माणसाला विनामूल्य पाने उभारण्याची सोय दिली. लक्षावधी लोकांनी तेथे आपली पाने मांडली. १९९९ मध्ये याहूने ती सेवा विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जे वाचविले तेवढे वाचले. ऑर्कुटवर आपल्यापैकी अनेकांची मुले रमली होती; ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी मिटले. याहू ग्रुप्सवरील जुना पत्रव्यवहार २०१९च्या अखेरीस पुसला गेला आणि पुढील वर्षी ती सेवाच संपली. नावांचीही तीच कथा. टोकेलाऊ या चिमुकल्या बेटांचे ‘टीके’ हे उपनाम एक कंपनी वर्षानुवर्षे फुकट वाटत असे. २०२३ मध्ये ते वाटप थांबले आणि २०२४ मध्ये कंपनीने हा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी आपली ओळख त्या नावावर बांधली होती, त्यांनी दाद कोणाकडे मागावी? करार नव्हता, भाडे नव्हते, म्हणून हक्कही नव्हता.

याचा अर्थ फुकटच्या जागेला हात लावू नये असा आम्ही काढीत नाही. संस्थेच्या शिलकेची अवस्था आम्हांस ठाऊक आहे. जागा खुशाल फुकटची घ्यावी. नाव मात्र विकतचे आणि संस्थेच्या मालकीचे असावे. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर विनामूल्य जागेलाही स्वतःचे नाव जोडता येते. वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पैसे मोजावे लागतात. असे नाव वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. एका सत्काराची शाल तेवढ्यात येत नाही. २०१४च्या ऑगस्टपासून देवनागरीतील ‘.भारत’ हे उपनामही मिळू लागले आहे. मराठीचा अभिमान व्यासपीठावर व्यक्त करणाऱ्यांना तो पत्त्यातही व्यक्त करता येईल. नाव आपले असले की उद्या जागा बदलली तरी वाचकाला जुन्याच पत्त्यावर आपण भेटतो. नाव मंडळाच्या नावे नोंदलेले असावे, कार्यवाहांच्या खासगी खात्यावर नसावे. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे असावा. आणि सर्व मजकुराची एक प्रत संस्थेच्या कपाटात असावी. एवढी दक्षता आपण पावतीपुस्तकाबाबत घेतोच.

येथे काही मंडळी म्हणतील की हा उपद्व्याप हवाच कशाला? व्हॉट्सॲपवर गट आहे, फेसबुकवर पान आहे, निरोप पोचतात. निरोप पोचतात, हे खरे. कार्यक्रमाची वेळ कळविण्यास याहून सोयीचे साधन नाही. परंतु निरोप आणि संग्रह या दोन भिन्न वस्तू आहेत. गटावर आलेला उत्तम लेख दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातांखाली गाडला जातो, आणि गटाबाहेरच्या माणसाला तो कधीच सापडत नाही. जो अभ्यासक आपल्याला ओळखत नाही, पण आपल्याजवळ आहे तेच शोधीत आहे, तो खरा पहिला वाचक. त्याला गटाचे दार बंद असते.

आणि आपल्याजवळ काय आहे? बडोद्यापुरते सांगावयाचे तर येथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ या वर्षी साहित्य संमेलने भरली. राजकवी चंद्रशेखर येथले, माधव जूलियन यांचा जन्म येथला. श्रीसयाजी साहित्यमालेतील मराठी ग्रंथ येथून निघाले. शाळांतील मराठी वर्ग, नाट्यमंडळ्या, गणेशोत्सवातील व्याख्याने, यांच्या आठवणी, अहवाल, हस्तपत्रके सभासदांच्या माळ्यांवर पडून आहेत. आपल्या पत्रिकेचे जुने अंक कपाटात पिवळे पडून कडेला मोडू लागले आहेत. ही सामग्री पुण्यात नाही, मुंबईत नाही. बेळगावकरांजवळ, इंदूरकरांजवळ, हैदराबादकरांजवळ अशीच त्यांची त्यांची शिदोरी असेल. जे दुसरीकडे कोठेही नाही तेच वाचकाला आपल्यापाशी आणील. दिवाळीच्या शुभेच्छांचे चित्र साऱ्या जगाजवळ आहे. ते पाहावयास आपल्या दारी कोणी का यावे?

परंतु ही सामग्री नुसती चढवून भागत नाही. शोधयंत्र मजकूर वाचते. पानाचे छायाचित्र काढून टाकले तर त्यातील शब्द सापडतीलच याचा भरवसा नाही. त्याहून घातक आहे जुन्या फाँटांचा घोळ. डीटीपीच्या काळातील अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर आपल्याला ‘कविता’ दिसे, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे. अशा फाँटातील लेख संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे ग्रंथ ठेवून त्याची नोंद फाडून टाकणे होय. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे स्थान आहे. इतक्या वर्षांनंतरही एखाद्या मराठी संस्थेचा अंक जुन्या फाँटात अडकलेला असेल, तर तेथे तंत्रज्ञानाचा अभाव नाही, आस्थेचा आहे. फाँट बदलून देणारी आणि छापील पानावरील अक्षरे ओळखणारी साधने आता विनामूल्य मिळतात. ती रफारावर आणि जोडाक्षरांवर अडखळतात, म्हणून मुद्रितशोधन लागते. मुद्रितशोधनाला डोळस, निवांत, ऱ्हस्वदीर्घावर भांडण्यास तत्पर अशी माणसे लागतात. अशा माणसांची आपल्या मंडळात वाण आहे, असे कोण म्हणेल?

स्वामित्वहक्काचे भय दाखवून हे काम टाळणारेही आहेत. १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. चंद्रशेखर १९३७ मध्ये आणि माधव जूलियन १९३९ मध्ये निवर्तले. त्यांचे स्वतःचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. अलीकडच्या लेखकांसाठी त्यांच्या वारसांची लेखी अनुमती घ्यावी. ती मागण्याच्या निमित्ताने एका घराशी तुटलेला संबंध जुळतो, आणि ते घर आपला पहिला वाचक होते.

पहिला वाचक कसा येतो, याचा धडा घेण्यास बडोदेकराला परदेशी जाण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था लावली. तीत फिरत्या वाचनालयांची योजना होती. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव धाडल्या जात. वाचकाला मूल्य नसे, वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. मध्यवर्ती ग्रंथालयाचे दार उघडे ठेवून महाराज वाचकाची वाट पाहत बसले नाहीत. पेटी वाचकाच्या गावी गेली. आणि त्या पेटीत संस्थानच्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे नव्हती, पुस्तके होती. तेव्हाही वाचकाला ते फुकट होते, पण कोणीतरी त्याची किंमत मोजीत होते. आज संस्थान नाही. ती किंमत आपल्या श्रमाने आपण मोजावयाची आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की पहिले पन्नास वाचक नावानिशी ठरवावेत. ज्यांच्या आजोबांचा लेख आपण चढविला त्यांना त्या लेखाचाच दुवा पाठवावा, मुखपृष्ठाचा नव्हे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील, गोवा विद्यापीठातील, उस्मानिया विद्यापीठातील मराठी विभागांस सूची पाठवून कोणता अंक त्यांना हवा ते विचारावे. भगिनीसंस्थांना दुवे द्यावेत, त्यांचे आपण घ्यावेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तेथील लेखांना विश्वसनीय संदर्भ हवे असतात, आणि आपले जुने अंक ते पुरवू शकतात. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान, पानाला लेखकाचे व विषयाचे स्पष्ट नाव, खाली अंकाचा महिना आणि वर्ष, एवढे केले तरी शोधणाऱ्याचे अर्धे काम होते. गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य सोयीत स्थळाची नोंद करावी. लोक कोणते शब्द शोधीत आपल्यापर्यंत आले हे तेथे कळते. ते शब्द संपादक मंडळाच्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावेत. वाचकाची मागणी याहून प्रामाणिकपणे कळविणारा पोस्टमन दुसरा नाही.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा फिरता ठेवण्याची हौस अद्याप गेलेली नाही. त्या आकड्यात शोधयंत्रांच्या फेऱ्या असतात, आपल्याच कार्यवाहांचे दिवसातून दहा वेळा डोकावणे असते, आणि अमुक रुपयांत अमुक हजार भेटी देऊ म्हणणारे व्यापारीही या बाजारात आहेत. सरकारी नोकरीत आम्ही लक्ष्यपूर्तीचे आकडे पाहिले आहेत. लावलेल्या रोपांची संख्या दरसाल वाढे, सावली मात्र वाढत नसे. अंकातील एका लेखावर हैदराबादच्या एका विद्यार्थ्याने विचारलेली एक शंका ही आमच्या लेखी दहा हजार भेटींहून मोठी आहे.

शेवटचा आक्षेप असा की आपले सभासद वृद्ध, त्यांना पडद्यावर वाचवत नाही. त्यांच्यासाठी छापील अंक आहेच आणि तो राहावा. परंतु आपली नातवंडे गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या हाती छापील अंक पडत नाही, पडला तर उघडत नाही. उद्या त्यांतील एखाद्याला आपल्या पणजोबांचे नाव आठवले, तर तो आपल्या माळ्यावर चढणार नाही, हातातल्या फोनवर ते नाव लिहील. त्या क्षणी काही सापडले नाही, तर त्याच्यापुरते बडोद्याचे मराठीपण घडलेच नव्हते. असे वाचक संख्येने थोडे असतील. पण त्यांना रिकाम्या हाती परत पाठविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही तीन ठराव ठेवीत आहोत. एक, मंडळाच्या नावे स्वतंत्र पत्ता घ्यावा व त्याच्या वार्षिक शुल्काची तरतूद अंदाजपत्रकात कायमची करावी. दोन, दरमहा एक जुना अंक युनिकोडमध्ये, शुद्ध करून, चढवावा. त्यासाठी पाच सभासदांची समिती नेमावी आणि तिने प्रत्येक तिमाहीस किती पाने झाली ते या पत्रिकेत छापावे. तीन, एका वर्षात बारा अंक पुरे होईपर्यंत कोणाही पदाधिकाऱ्याचे छायाचित्र संकेतस्थळावर झळकू नये. तिसऱ्या ठरावावरच वाद माजेल, याची आम्हांस कल्पना आहे. तो माजावा. संकेतस्थळ कोणासाठी उभारतो आहोत, या प्रश्नाचे उत्तर त्या वादातूनच सभेला मिळेल.