मृगसाल

मुरबाड-शहापूरकडे राब भाजून झाला, की खातेदाराचे डोळे मृगाकडे लागतात. आणि पेशवाईतील मोडी कागद उलगडून पाहणारास आढळते, की सरकारी सनाचा आकडाही त्याच मृगावर पालटत असे. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७७, अर्थात इ. स. १७७६-७७, हाच शुहूर सन किंवा मृगसाल. त्याचे मूळ कोणाच्या राज्याभिषेकात नाही, वसुलीच्या निकडीत आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ऋतूंच्या मानाने दरसाल सुमारे अकरा दिवस पुढे सरकते. सारा मात्र भात खळ्यावर आल्यावाचून रयतेकडून निघत नाही, मग हुकूम दिल्लीचा असो वा दौलताबादचा. म्हणून १३४४ च्या सुमारास हिजरीचा चालू आकडा, ७४५, तसाच उचलून सूर्यगतीला बांधण्यात आला. पुढे १६३६ त, ज्या साली शहाजीराजांना आपल्या शहापुराजवळचा माहुली किल्ला सोडावा लागला त्याच साली, शहाजहानाने दक्षिणेत फसली सन सुरू करताना हीच युक्ती योजिली. पण मधल्या तीन शतकांत हिजरी नऊ वर्षे पुढे गेल्यामुळे त्या साली मृगसाल १०३७ असता फसली १०४६ ठरला.

रोमन साम्राज्यातही असेच घडले. ‘इंडिक्शिओ’ म्हणजे मुळात कर बसविल्याचा जाहीरनामा. त्याची पंधरा वर्षांची चक्रे ३१२ च्या १ सप्टेंबरपासून मोजू लागले आणि ५३७ त जस्टिनियनने दस्तऐवजांवर चक्रातील वर्ष घालणे सक्तीचे केले. मात्र सातवे वर्ष म्हटले तरी कोणत्या चक्रातले, हे कळावयास मार्ग नसे; शक वगळून नुसते संवत्सराचे नाव सांगण्यासारखेच ते. या बाबतीत आमचे मृगसाल, ऐकावयास कितीही विचित्र वाटो, सरस म्हटले पाहिजे.

आपले महसुली वर्षही १ जानेवारीची वाट पाहत नाही. ते १ ऑगस्टला, भर आवणीच्या दिवसांत उजाडते. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की जातीच्या आणि जमिनीच्या पुराव्यांसाठी लोक आज जुनी दप्तरे धुंडाळीत असता, मोडीच्या वर्गांत अक्षरांबरोबर सनांचा मेळ घालणेही शिकविले जावे. कारण शुहुराचा आकडा फसली समजून वाचला, तर पणजोबांचा कागद एकदम नऊ वर्षे मागे जातो, आणि हरकत घेणाऱ्या भाऊबंदास तेवढे पुरते.