इंजिन धुवायचे की तेल बदलायचे?

दिल्लीतील मयूर विहारच्या सोसायट्यांमधून गाड्या ओळीने उभ्या असतात. २००९ मध्ये मेट्रो आल्यापासून अनेकांनी ऑफिसला गाडीने जाणे सोडले. आता मुलांची शाळा, बाजार आणि मेट्रो स्टेशन एवढाच गाडीचा फेरा. सर्व्हिसिंगला नेली की मात्र मेकॅनिक हमखास म्हणतो, ‘‘मॅडम, इंजिन फ्लश करून देतो. सोबत ही बाटलीही टाकतो. गाडी नव्यासारखी पळेल.’’ गाडीच्या काळजीपोटी मान डोलावली जाते आणि बिल फुगते. हा खर्च खरोखरच आवश्यक असतो का?

फ्लश म्हणजे साफ करणारे पातळ रसायन. जुन्या तेलात ते ओतून, गाडी उभी ठेवून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. मग तेल आणि फिल्टर बदलतात. आत साठलेला काळा, चिकट गाळ निघून जावा, ही अपेक्षा.

पण चांगल्या इंजिन तेलातच मळ काढणारी, तो तरंगत ठेवणारी आणि झीज रोखणारी द्रव्ये मोजून मिसळलेली असतात. वापरलेले तेल काळे दिसते, कारण ते मळ स्वतःत सामावून घेते. त्यात वरून बाटली ओतली, तर हे प्रमाण बिघडू शकते.

खरा धोका दुर्लक्षित इंजिनाला असतो. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला, तर त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग तेल वर पोहोचत नाही आणि बेअरिंग घासली जातात. शे-पाचशे रुपयांच्या हौसेपायी इंजिन उघडण्याची पाळी येऊ शकते. थोडक्यात, स्वच्छ इंजिनाला फ्लशची गरज नसते आणि घाण इंजिनाला तो बाधू शकतो.

ॲडिटिव्हच्या जाहिरातींवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अमेरिकेत ‘स्लिक फिफ्टी’ हे ॲडिटिव्ह खूप गाजले होते. त्याने इंजिनाची झीज कमी होते, या दाव्यांना पुरेसा आधार नाही, असा आक्षेप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला आणि १९९७ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

मग करायचे काय?

जवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे पाण्याचा अंश आणि थोडे पेट्रोल तेलात राहते व गाळ धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. मयूर विहारकरांना दिल्ली-मेरठ एक्स्प्रेसवे जवळच आहे. गाडी कमी चालली म्हणून तेल बदलणे पुढे ढकलू नका. मॅन्युअलमधील किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल ते पाळा. धूळ आणि ट्रॅफिक जास्त असेल, तर त्याही आधी बदला.

जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आत गाळ असेल, तर तेल व फिल्टर सुरुवातीला दोन-तीनदा लवकर बदला. गाळ हळूहळू निघेल. तो फारच असेल, तर तळाचा चेंबर उतरवून जाळी साफ करून घ्या.

पुढच्या वेळी मेकॅनिकने बाटली पुढे केली, तर न संकोचता सांगा, ‘‘फ्लश नको. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच तेल टाका, फिल्टर नवा बसवा आणि डबा माझ्यासमोर उघडा.’’